कापडी डायपर : मोठ्या माणसांचे

घरातले वडीलधारे माणूस चारचौघांतून उठताना मागे वळून गादीकडे चोरून पाहू लागले, लग्नाकार्याला जायचे टाळू लागले, प्रवासाच्या आदल्या दिवसापासून पाणी पिणे सोडू लागले, की घरच्यांनी ओळखावे. लघवीवरचा ताबा सुटत चालला आहे. ही गोष्ट सहसा कोणी आपण होऊन सांगत नाही. सासूबाई सुनेला सांगत नाहीत, वडील मुलाला सांगत नाहीत आणि दोन बाळंतपणे झालेली चाळिशीची बाई तर नवऱ्यालाही सांगत नाही. जुन्या साडीचे तुकडे गुपचूप वापरले जातात, गुपचूप धुतले जातात आणि न्हाणीघरात दाराआड कुठेतरी वाळत घातले जातात. पुढे अंगाला खाज सुटते, कपड्यांना वास येतो, त्यातला निम्मा त्रास या लपवालपवीचा असतो. दाराआड वाळलेले कापड कधी पुरते वाळतच नाही.

कापड हाती घेण्याआधी एकदा डॉक्टरांकडे जाऊन यावे. लघवीचा ताबा जाणे म्हणजे म्हातारपणच, असे समजून गप्प बसणारी घरे फार. प्रत्यक्षात लघवीचा जंतुसंसर्ग, मधुमेह, जुनाट बद्धकोष्ठ, पुरुषांत वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी, रक्तदाबासाठी दिलेल्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, अशी कितीतरी कारणे यामागे असतात आणि त्यांतल्या पुष्कळांवर उपाय आहे. खोकताना, शिंकताना, बादली उचलताना दोन थेंब जाणाऱ्या बायकांना ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम चांगला उपयोगी पडतो. अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये तो मांडला, म्हणून त्याला केगेलचा व्यायाम म्हणतात. लघवी रोखून धरताना जे स्नायू आवळले जातात तेच पाच सेकंद आवळायचे आणि सैल सोडायचे. एका वेळी दहादा, दिवसातून तीनदा. गुण यायला तीन महिने लागतात, आणि बहुतेक जणी तीन आठवड्यांतच सोडून देतात. लघवीत रक्त दिसले, किंवा पाठदुखीबरोबर पाय लुळे पडून जांघेतली संवेदना गेली, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

पाणी कमी पिणे हा उपाय नव्हे. लघवी घट्ट झाली की मूत्राशय अधिकच चिडते, वास वाढतो आणि संसर्गाला आमंत्रण मिळते. दिवसभर थोडे थोडे पाणी प्यावे, संध्याकाळनंतरचा चहा-कॉफी तेवढी कमी करावी.

एवढे करूनही ज्यांना आधार लागतोच, त्यांच्यापुढे दोन वाटा असतात. औषधाच्या दुकानातले तयार डायपर सोयीचे खरे, पण एका नगाला साधारण तीस ते साठ रुपये मोजावे लागतात. दिवसाला चार धरले तरी महिन्याचा आकडा साडेतीन हजारांच्या पुढे जातो, आणि दुखणे वर्षानुवर्षांचे असते. शिवाय कचरा. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांत वापरलेले डायपर वेगळे गुंडाळून द्यावेत असे सांगितले होते. पुण्यातल्या कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ संस्थेने तर अशा पुडीवर लाल ठिपका काढून द्या, अशी विनंती नागरिकांना केली. ओला, जड डायपर उघडाच टाकला तर तो कुणीतरी हाताने वेगळा काढते, हे विसरता येत नाही. कापडाला हा खर्च नाही, हा कचरा नाही. मात्र त्याला श्रम लागतात, पाणी लागते आणि ऊन लागते. या तिन्हींची सोय नसेल तर हट्टाने कापडाच्या मागे लागू नये. दिवसा घरी कापड, प्रवासात किंवा जुलाब झाले असताना तयार डायपर, अशी मिळतीजुळती व्यवस्था पुष्कळ घरांना परवडते.

कोणते कापड?

कापड शुद्ध सुती हवे. जुने धोतर, विरलेले नऊवारी लुगडे, धुऊन मऊ झालेले मांजरपाट, फ्लॅनेल, टर्किश टॉवेल, यांतले काहीही चालते. टेरिकॉट आणि नायलॉनचा मात्र एक धागाही नको. ते शोषत नाही, नुसते ओले होते. कोऱ्या कापडात खळ असते आणि कापसाचा स्वतःचा मेणचटपणाही असतो, त्यामुळे ते पहिल्यांदा पाणी झटकून टाकते. चार-पाच वेळा गरम पाण्यात धुतल्यावरच ते खऱ्या कामाला येते. ‘नवे डायपर शिवले आणि पहिल्याच रात्री गळले’ ही तक्रार बहुधा यातूनच येते.

मोठे माणूस एका वेळी अडीचशे ते चारशे मिलिलिटर लघवी करते. बाळाच्या दुपट्याचा हिशेब इथे लागू पडत नाही. म्हणून कापड दोन भागांत करावे. वर बांधायचा एक मीटर चौरस रुमाल आणि आत ठेवायची घडी. चौरसाची तिकोनी घडी घातली की वरची बाजू एकशे चाळीस सेंटिमीटरच्या आसपास आणि खालचे टोक सत्तर सेंटिमीटर भरते, म्हणजे मध्यम बांध्याच्या माणसाला कमरेभोवती गुंडाळून टोक पुढे ओढून घेता येते. आतली घडी सहा ते आठ पदरांची, हात-दीड हात लांब आणि वीतभर रुंद. ती पुरेल की नाही हे माणसावर पाहायचे कारण नाही. मोरीत ठेवून तिच्यावर दोन फुलपात्री पाणी हळूहळू ओतावे आणि तळव्याने दाबावे. खालून झिरपले तर पदर वाढवावेत.

बाजारातल्या शिवलेल्या जाड गाद्या दिसायला नीटनेटक्या असतात, पण पावसाळ्यात त्या दोन-दोन दिवस वाळत नाहीत. सुटी घडी उलगडून दोरीवर टाकली की एकेरी कापड वाळावे तशी वाळते. आजी-आज्यांनी बाळांसाठी शिवलेले लंगोट न वापरता साधी चौकोनी बाळोती वापरली, त्यामागे हाच व्यवहार होता.

दिवसाला पाच-सहा वेळा बदलायचे आणि धुतलेले एका दिवसाने हाती येणार, असे धरले तर दीड-दोन डझन संच लागतात. मुंबईत, कोकणात, गोव्यात आषाढ-श्रावणासाठी आणखी डझनभर हाताशी असावेत. नागपूरच्या किंवा दिल्लीच्या मे महिन्यात याच्या निम्म्यातही भागेल.

बांधताना

पुरुषांसाठी घडीचा जाड भाग पुढे यावा, बायकांसाठी मध्ये, आणि अंथरुणावर पडून राहणाऱ्यासाठी थोडा मागे. उताण्या माणसाची लघवी मागेच वाहते. सेफ्टी पिन टोचण्याची भीती असते, विशेषतः हात थरथरणाऱ्यांना. त्यापेक्षा चिकटपट्टी, ज्याला दुकानात वेल्क्रो म्हणतात, किंवा साधे बंद शिवून घ्यावेत. बंदाची गाठ कुशीखाली येता कामा नये. कमरेला दोन बोटे सहज जावीत इतके सैल, पण मांडीच्या सांध्याला नीट बसलेले बांधावे. गळते ते नेहमी मांडीकडून.

वरून प्लॅस्टिकची चड्डी घातली तर बाहेरचे कपडे वाचतात. घरात, आणि झोपलेल्या माणसाला, ती शक्यतो घालूच नये. आत घाम कोंडतो, अंग शिजल्यासारखे होते. तिथे गादीवर मेणकापड आणि त्यावर जाड सुती चादर बरी. बाहेर जाताना मात्र चड्डी हवीच. प्लॅस्टिक सळसळते, या संकोचापायी पुष्कळ जण बाहेर पडणे सोडतात. तिच्यावर घट्टसर सुती आतली चड्डी घातली की आवाज बराच दबतो. धोतर, सैल पायजमा, घेरदार सलवार, नेसती साडी, हे सगळे आपले कपडे या बाबतीत पँटपेक्षा दयाळू आहेत. गडद रंग किंवा नक्षीचे कापड असले की धास्ती आणखी कमी.

धुलाई

ताज्या लघवीला फारसा वास नसतो. ती कापडात पडून राहिली की जंतू तिच्यातल्या युरियाचा अमोनिया करतात. नाकाला झोंबतो तो अमोनिया, आणि कातडी जाळतोही तोच. म्हणून सगळ्या धुलाईचे मर्म पहिल्या दहा मिनिटांत आहे. ओले कापड काढले की लगेच गार पाण्यातून दोनदा पिळून काढावे आणि झाकणाच्या बादलीत ठेवावे. एवढे झाले तर धुणे संध्याकाळी केले तरी चालते, मात्र दुसऱ्या दिवसावर ढकलू नये. संडासचे डायपर असेल तर मळ आधी संडासात टाकून, कापड गार पाण्याने खळबळून घ्यावे. पहिले पाणी गरम घेतले तर डाग पक्का बसतो. आत मलमलचा पातळ तुकडा घालून ठेवला की तेवढाच काढून मळ टाकता येतो, बाकीचे कापड वाचते. हे काम करताना हातमोजे घालावेत आणि नंतर हात साबणाने धुवावेत.

पुढचे पाणी कडकडीत गरम, हात घालवणार नाही इतके. त्यात धुण्याची पावडर. बोअरवेलचे जड पाणी असेल तर वडीच्या साबणाचा चिकट थर कापडात साचतो. तिथे पावडर बरी, आणि तिच्याबरोबर चमचाभर धुण्याचा सोडा. यंत्रात धुवायचे तर ते ठासून भरू नये, कपड्यांना आपटायला जागा लागते. शेवटी एक खळबळणे जास्तीचे द्यावे. कपडे मऊ करणारी सुगंधी द्रव्ये नकोत, खळ नको. मऊपणाचे द्रव धाग्यावर पातळ थर चढवते आणि कापड शोषेनासे होते. घरोघरचे जंतुनाशक द्रवही बादलीत बदाबदा ओतले जाते. त्याचा अंश कापडात राहिला तर नाजूक जागी आग होते, आणि दोष मात्र डायपरला दिला जातो.

ब्लीचिंगचे द्रव पंधरा दिवसांतून एकदा, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणातच वापरावे, आणि तेही लघवी पूर्ण धुऊन काढल्यावर. लघवीने भिजलेल्या कापडावर ते थेट ओतले तर अमोनियाशी मिळून विषारी वायू तयार होतो. व्हिनेगरबरोबरही ते कधी मिसळू नये, त्यातून क्लोरिन सुटतो. न्हाणीघर लहान आणि खिडकी बंद असेल तर हा खेळ जिवावर बेतू शकतो. नुसते व्हिनेगर, अर्धी वाटी बादलीभर शेवटच्या पाण्यात, अमोनियाचा वास घालवायला चांगले.

कधी कधी वाळलेले कापड अगदी स्वच्छ वाटते आणि अंगावर ओले होताच भपकारा येतो. याचा अर्थ धाग्यांत जुना साबण आणि अमोनिया साचला आहे. अशी कापडे साबण न घालता नुसत्या गरम पाण्यात पुन्हा पुन्हा खळबळावीत. आश्चर्य वाटेल इतका फेस निघतो. फेस निघायचा थांबला की काम झाले.

वाळवणे उन्हात, उघड्यावर. ‘लोक काय म्हणतील’ हा प्रश्न गच्चीच्या दोरीवर उभा राहतोच. त्याला साधी युक्ती म्हणजे बाहेरच्या दोरीवर चादर आणि आतल्या दोरीवर हे रुमाल. चौकोनी सुती कापडाकडे पाहून ते कशाचे आहे हे कुणाला कळत नाही, हाही साध्या रुमालाचा एक फायदा. पावसाळ्यात पिळून, पंख्याखाली रात्रभर ठेवून सकाळी दोन्ही बाजूंनी कडक इस्त्री फिरवावी. प्लॅस्टिकच्या चड्डीला मात्र ऊनही नको आणि गरम पाणीही नको. ती कोमट पाण्यात धुऊन सावलीत वाळवावी, नाहीतर महिन्या-दोन महिन्यांत कडक होऊन तडकते.

कातडी सांभाळणे

ओले झालेले कापड तीन-चार तासांपेक्षा जास्त अंगावर राहू देऊ नये, संडास झाल्यास लगेच बदलावे. कोमट पाण्याने पुढून मागे पुसावे, बायकांच्या बाबतीत तर हे उलट कधीच होऊ नये. घासू नये, टिपावे. पाच-दहा मिनिटे हवा लागू द्यावी. मग पेट्रोलियम जेलीचा किंवा झिंक ऑक्साइडच्या मलमाचा पातळ हात. जाड थर दिला तर तो कापडाला लागून तेच पाणी झटकू लागते. पावडर घालू नये, घामाने तिच्या गोळ्या होऊन त्याच टोचतात. कातडी लालभडक होऊन कडेला बारीक पुरळ दिसले तर ती बुरशी असण्याचा संभव आहे, आणि तिला वेगळे औषध लागते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी. माकडहाडाखाली कापडाची चुणी राहिली तर शय्याव्रणाची सुरुवात तिथेच होते.

आता हे सारे करायचे कुणी? घराघरांत हे धुणे न बोलता सुनेच्या वाट्याला येते. सासऱ्यांना सुनेकडून बदलून घेताना मेल्याहून मेल्यासारखे होते, आणि सुनेलाही काही सोपे जात नाही. वडिलांचे मुलाने बदलावे, आईचे मुलीने किंवा सुनेने, आणि धुणे आळीपाळीने सर्वांनी, हे घरात एकदा बसून स्पष्ट बोलावे. मोलकरणीला हे काम द्यायचे तर तिला आधी सांगून, वेगळे पैसे ठरवून आणि हातमोजे देऊन. रोजच्या धुण्यात गुपचूप खपवू नये. ज्या माणसाचे हात चालतात त्याने आपले रुमाल आपण पिळावेत, तेवढी त्याची लाज शिल्लक राहते. आणि बदलताना बोलायचे ते नेहमीच्याच आवाजात, नातवंडांना बाहेर पाठवून, दार लावून. ‘बाबा, जरा कुशीवर वळता का?’ एवढे पुरते. ‘परत केलंत?’ हा प्रश्न विचारून कुणाचे मूत्राशय सुधारलेले नाही.

दिवसभर बाहेर राहायचे असेल तर पिशवीत चार घड्या, दोन रुमाल, एक जादा पायजमा किंवा परकर, पाण्याची बाटली आणि तोंड घट्ट मिटणाऱ्या दोन जाड पिशव्या असाव्यात. ओले कापड थोड्या पाण्याने पिळून पिशवीत भरावे, घरी पोचताच उघडावे. रात्रभर बंद राहिलेली पिशवी सकाळी उघडणाऱ्याला ती का लगेच उघडायची हे पुन्हा सांगावे लागत नाही. रेल्वेच्या प्रवासात खालचा बर्थ मागून घ्यावा, आणि निघण्याच्या अर्धा तास आधी एकदा जाऊन यावे, लागली नसली तरी.