आईने रडावे, विचारू नये?

मुलीचा खून झाला की आईच्या दुःखाला समाज मान देतो. शेजारणी डबे आणतात, पुढारी सांत्वनाला येतात. हा मान किती दिवस टिकतो? आई रडते आहे तोवर. ती डोळे पुसून पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढली आणि ‘तपास कुठवर आला?’ असे विचारू लागली, की तेच लोक कुजबुजू लागतात. ‘थ्री बिलबोर्ड्स आउटसाइड एबिंग, मिसुरी’ हा २०१७चा अमेरिकन चित्रपट या कुजबुजीविषयी आहे. म्हणून आपल्या गटांनी तो एकत्र बसून पाहावा आणि त्यावर मनसोक्त वाद घालावा, असे मला वाटते.

मार्टिन मॅकडोना यांच्या या चित्रपटातली मिल्ड्रेड हेज भेटवस्तूंच्या दुकानात काम करते. मारकुट्या नवऱ्यापासून ती वेगळी झाली आहे. तिच्या तरुण मुलीवर बलात्कार करून तिला जाळून मारले, त्याला सात महिने झाले. अटक एकही नाही. मिल्ड्रेड गावाबाहेरच्या रस्त्यावरचे तीन पडीक जाहिरात फलक भाड्याने घेते. मुलीवर मरता मरता बलात्कार झाला, हे पहिल्यावर. अजून अटक का नाही, हे दुसऱ्यावर. तिसऱ्यावर पोलीसप्रमुखाचे नाव घेऊन जाब विचारलेला.

एवढ्यावर गाव खवळते. पाद्री घरी येऊन समजावतो. दुकानातल्या मैत्रिणीला गांजा बाळगल्यावरून आत टाकतात. प्रमुख कर्करोगाने आजारी आहे, माणूस भला आहे, त्याला का छळतेस, असे जो तो म्हणतो. मैत्रिणींनो, हे आपण किती वेळा ऐकले आहे! मोर्चा नेला की कोणीतरी हळूच सांगते, ‘साहेब तसे चांगले आहेत हो.’ साहेबांच्या स्वभावाबद्दल कोणी विचारलेच नव्हते. त्या खुर्चीने काम केले का, एवढेच विचारले होते.

मिल्ड्रेड देवी नाही, हेही मला महत्त्वाचे वाटले. मुलीशी तिचे शेवटचे बोलणे म्हणजे गाडीवरून झालेले भांडण. त्यात रागाच्या भरात तिच्या तोंडून जे अभद्र गेले, तेच मुलीच्या बाबतीत खरे ठरले. ही बोच घेऊन ती जगते. फ्रान्सेस मॅकडोरमंडने ती तोंडाने फारसे न बोलता दाखवली आहे. त्याच वर्षी आपल्याकडे ‘मॉम’ आणि ‘मातृ’ हे दोन हिंदी चित्रपट आले. दोन्हींत आई शिक्षिका, दोन्हींत न्याय मिळत नाही म्हणून आई स्वतःच गुन्हेगारांना संपवते. थिएटरात टाळ्या पडतात. त्या टाळ्यांमागचा संताप मला समजतो, पण भीती वेगळीच वाटते. देवीने राक्षस मारले की गोष्ट संपते. पंचनामा कोणी बिघडवला, साक्षीदार का फिरला, हे विचारायला मग कोणी उरत नाही.

‘थ्री बिलबोर्ड्स’ही या वाटेपासून पूर्ण सुटत नाही. मिल्ड्रेड पोलीस ठाणे पेटवते आणि आतला पोलीस भाजतो. याच पोलिसाने कोठडीत एका काळ्या माणसाचा छळ केल्याचे गावात सर्वांना ठाऊक आहे. चित्रपट त्या पोलिसाला सहानुभूती देतो, सुधारण्याची संधी देतो. छळ सोसलेला माणूस मात्र एकदाही पडद्यावर येत नाही. त्याच्याही आईने फलक लावला असता तर गावाने काय केले असते?

पडद्याबाहेरच्या आया काय करतात? दिल्लीच्या सत्यराणी चढ्ढांची मुलगी १९७९ मध्ये सासरी जळून मेली. लग्नाला वर्षही झाले नव्हते, ती गरोदर होती, सासरची मागणी स्कूटरची. सत्यराणींनी कोर्टाची पायरी धरली ती सोडली नाही. मुलगी अशीच गमावलेल्या शहाजहान आपांबरोबर त्यांनी १९८७ मध्ये ‘शक्ती शालिनी’ सुरू केली आणि इतरांच्या मुलींसाठी आसरा उभा केला. दंडविधानात ४९८ अ (१९८३) आणि ३०४ ब (१९८६) ही कलमे आली, त्यामागे अशा बायकांची पायपीट आहे. त्यांच्या स्वतःच्या खटल्यात जावयाची शिक्षा उच्च न्यायालयाने कायम केली २०१३ मध्ये, म्हणजे ३४ वर्षांनी. पुढच्याच वर्षी सत्यराणी गेल्या. यावर चित्रपट काढायचा तर त्यात बंदूक नसेल, तारखा असतील.

आणि ज्या मुलीला आईच नाही तिचे काय? मथुरेचे आईवडील ती लहान असतानाच वारले होते. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. उच्च न्यायालयाने दिलेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये रद्द केली. १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, १९८० मध्ये बायका रस्त्यावर आल्या, १९८३ मध्ये कायदा बदलला. मथुरेचा फलक तिच्या रक्ताच्या नसलेल्या बायकांनी धरला होता.

न्याय मिळायला मुलीपाठी हट्टी आई असावीच लागते, ही आपल्या व्यवस्थेला शरम वाटावी अशी गोष्ट आहे. तोवर निदान एवढे करू. आपल्या तालुक्यात अशी एखादी आई ठाण्याच्या बाकावर एकटी बसली असेल, तर पुढच्या खेपेला तिच्या शेजारी जाऊन बसू. कोर्टाची तारीख आपल्या वहीतही लिहून ठेवू. तिचा आवाज चढला तर तिला गप्प करणार नाही.