मोठी झाली म्हणून खेळ का थांबला?

"डॉक्टर, मुलगी सारखी दमते, टॉनिक द्या," असे भिवंडीतल्या अनेक आया सांगतात. संध्याकाळी खेळते का, असे विचारले की उत्तर येते, "आता मोठी झाली ना ती!" पाळी आली की खेळ बंद, हा उलटा न्याय झाला. हाडे बळकट होण्याचे वय तर हेच! जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ या वयात रोज सरासरी ६० मिनिटे व्यायाम सांगते. त्रास नसेल तर पाळीतही खेळावे.

यंत्रमागांच्या गल्लीत मुलीने एकटीने खेळायचे कुठे? म्हणून गट हवा. शाळेत गाईडचे पथक असल्यास नाव घाला. १९४१ पासूनच्या राष्ट्र सेवा दलाच्या शाखांत मुलगे-मुली एकत्र खेळत आले आहेत. जवळ काहीच नसेल, तर चार आयांनी मिळून तासभर मुली खेळवाव्यात, आळीपाळीने लक्ष ठेवावे. गट कोणताही असो, चालवणाऱ्या ताईंना आधी स्वतः भेटा.

दमणे मात्र अंगावर काढू नका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या १०० पैकी ५९ मुलींना रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन तपासा. शाळेतली लोहाची निळी गोळी आठवड्यातून एकदा, जेवणानंतर घ्यावी. मग तिला मैदानावर पाठवा. टॉनिकचे नंतर पाहू.