साखर सहा किलो, डाळी पाच!

मैत्रिणींनो, आज एका कबुलीपासून सुरुवात करते. गेल्या वर्षी आमच्या बचत गटांनी मिळून बायकांसाठी रक्ततपासणीचं शिबिर घेतलं. मंडप, खुर्च्या, चहापाणी, गावोगावच्या बायकांना निरोप, सगळी धावपळ माझ्याकडे होती. उद्घाटनाला मी पाच मिनिटं बोललेसुद्धा. "बायांनो, घरादाराचं बघता, तसं स्वतःकडेही बघा. पालेभाज्या खा, डाळी खा." टाळ्या पडल्या. दुपारी गर्दी ओसरली तेव्हा रक्त घेणारी मुलगी म्हणाली, "काकू, तुमचं राहिलं की!" मी हसत हसत बोट पुढे केलं. हिमोग्लोबिन निघालं ८.६.

बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की तो रक्तक्षय, हे मीच सकाळी माइकवरून सांगितलं होतं. जिना चढताना धाप लागायची, संध्याकाळी पाय गळून जायचे. मी म्हणायची, चाळिशी आली, चालायचंच. आणि मी काही एकटी नव्हते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५४ बायकांमध्ये रक्त कमी आढळलं होतं. म्हणजे मंडपात बसलेल्या दर दोघींपैकी एक! पण माइक हातात असला की आपण त्या दोघींत नाही असंच वाटत राहतं.

डॉक्टर मॅडमनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि विचारलं, "जेवणात काय असतं?" मी नेहमीचं सांगितलं, पोळी-भाजी, वरण-भात. त्या म्हणाल्या, "ते सगळ्याच सांगतात. पुढच्या वेळी येताना किराण्याची यादी घेऊन या."

घरी आल्यावर स्वयंपाकघरातली वही काढली. लग्नाला बावीस वर्षं झाली, यादी साधारण तीच. साखर सहा किलो. तेल सात लिटर. मैदा, साबुदाणा, रवा, पोहे. टोस्ट, बिस्किटांचे पुडे, नूडल्सची पाकिटं, यांच्या आवडीचं फरसाण दीड किलो. आणि डाळी? तूरडाळ तीन किलो, मूगडाळ एक, मटकी आणि हरभरा मिळून एक. झाल्या पाच. मी दोनदा बेरीज केली. पाच माणसांच्या आमच्या घरात महिन्याला डाळींपेक्षा साखर जास्त येत होती! बावीस वर्षं ही यादी माझ्याच हातची होती, पण कधी अशी वाचलीच नव्हती.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यातले आकडे दिवसाचे आणि ग्रॅममध्ये आहेत. आपण काही रोज काटा घेऊन बसत नाही. म्हणून मी त्याचा महिन्याचा हिशोब केला, तो तुम्हीही वहीत लिहून ठेवा. मोठ्या माणसाला महिन्याला साखर जास्तीत जास्त पाऊण किलो, तीही गूळ आणि गोडधोडातली साखर धरून. मीठ दीडशे ग्रॅम. तेल-तूप मिळून साधारण आठशे ग्रॅम. आणि डाळी-कडधान्यं अडीच किलो. अंडी, मासे, मटण खाणाऱ्यांनी ते या अडीच किलोत धरायचं. आता घरातल्या माणसांनी गुणा आणि आपली यादी शेजारी ठेवा. माझ्या यादीत साखर माणशी एक किलो दोनशे ग्रॅम होती, बिस्किटांतली वेगळीच. डाळी माणशी फक्त एक किलो.

कळलं तर सगळं, पण नवखेपणात मी काय केलं ते ऐका. पुढच्याच रविवारी जिल्ह्याच्या ठिकाणी मोठ्या दुकानात गेले. ढकलगाडीत भराभर माल टाकला. ओट्स, ऑलिव्ह ऑइल, किनवा, चिया, ब्राउन ब्रेड, मल्टिग्रेन बिस्किटं, 'डाएट' चिवडा. बिल बघून यांचा चेहरा उतरला. एकाच दिवसात घरातली साखरही कपाटाच्या वर ठेवून दिली. चौथ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "अगं, पाहुण्याला फिका चहा द्यायचा का आता?" मुलाने ओट्सला 'लापशी' म्हणून ताट सरकवलं. दोन महिन्यांनी त्या ओट्समध्ये किडे झाले. त्याच सुमारास डब्यात परत फरसाण आलं, आधीपेक्षा जास्तच.

तेव्हा एक गोष्ट उमगली. घर एका रविवारात बदलत नाही, आणि आरोग्य काही महागड्या पाकिटातून येत नाही. दुकान तेच ठेवायचं, यादीही तीच ठेवायची. दर महिन्याला तिच्यात दोन ओळी कमी करायच्या आणि दोन वाढवायच्या. बस्स.

पहिल्या महिन्यात साखर सहाची पाच केली आणि मूगडाळ एकाची दोन. आमचे वाणी फोनवर म्हणाले, "वहिनी, साखर चुकून कमी लिहिली का?" मी म्हटलं, "नाही हो, आत्तापर्यंत चुकून जास्त लिहीत होते!" चहात दीड चमचा जायची तिथे सव्वा चमचा केली. कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही. दुसऱ्या महिन्यात फरसाण अर्ध्यावर आणलं आणि त्या पैशात शेंगदाणे, फुटाणे घेतले. तिसऱ्या महिन्यात तेल लिटरभर कमी. त्यासाठी फोडणीला बरणी तिरपी करणं बंद केलं आणि पळी घेतली. उरलेली गोड बिस्किटं संपली, ती पुन्हा मागवलीच नाहीत. घरात नसलं की मुलं दोन दिवस कुरकुर करतात, मग फुटाण्याच्या डब्याला हात घालतात.

आणि गंमत म्हणजे ज्यांचा विरोध होईल असं वाटलं होतं, त्या सासूबाईच माझ्या बाजूला आल्या. मी यादीत हुलगे लिहिले तेव्हा त्यांचे डोळे चमकले. "शेंगोळे करू का?" म्हणाल्या. मग जवसाची चटणी झाली, कारळ्याची झाली. थंडीत बाजरी आणि तीळ, उन्हाळ्यात नाचणीची आंबील. शंभर ग्रॅम नाचणीत तीनशे मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅल्शियम असतं, हे मी पुस्तकात वाचून त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "आम्हाला आकडे कुठे ठाऊक? पण बाळंतिणीला उगाच का देत होतो?" भारताच्या पुढाकाराने २०२३ हे वर्ष जगभर भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं. आपल्या ज्वारी-बाजरी-नाचणीला तेव्हा केवढा मान मिळाला! आपण मात्र त्या 'गरिबाचं खाणं' म्हणून यादीतून कधीच्या काढून टाकल्या होत्या. गव्हाचंही तेच. गिरणीतून आणलेलं पीठ बारीक चाळणीने चाळून कोंडा गाईला आणि पांढरं पीठ आपल्याला. आता मी चाळत नाही.

पाकिटातल्या मालाबद्दल एवढंच सांगते. पुढची बाजू जाहिरातीची, मागची बाजू खरी. पाकिटामागे घटकांची यादी असते. ज्याचं वजन जास्त तो घटक आधी लिहायचा, असा नियमच आहे. 'मल्टिग्रेन' बिस्किटाच्या मागे पहिला शब्द मैदा आणि मग साखर असेल, तर ते मैद्याचंच बिस्किट. ब्राउन ब्रेडचा रंग कधी कधी नुसता कॅरॅमलचा असतो. साखरही वेषांतर करून येते. लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप ही तिचीच भावंडं. आणि मुलांच्या दुधात घालायच्या त्या पावडरी! २०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री कंपन्यांना अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या वर्गातून काढायला सांगितली. आपण वर्षानुवर्षं त्या डब्याला पौष्टिक समजून पोटाला चिमटा काढून पैसे देत आलो. गूळही औषध नाही बरं का! साखरेऐवजी गूळ घ्या, पण तोही मोजूनच. सैंधव मीठ हेही शेवटी मीठच. आणि रोजच्या स्वयंपाकात आयोडीनचं मीठ सोडू नका.

हे सगळं मी गटाच्या बैठकीत मोठ्या उत्साहाने सांगत होते. तेव्हा शेतमजुरी करणारी एक सखी मागून म्हणाली, "ताई, तुमचं बरोबर आहे. पण माझी यादीच नसते. रेशनचा गहू-तांदूळ येतो, बाकीचं रोजच्या रोज दहा-वीस रुपयांचं." मी गप्प झाले. यादी हीसुद्धा एक चैन आहे, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. मग आम्ही सगळ्यांनी बसून तिच्या रोजच्या खरेदीचा हिशोब मांडला. दोन पोरांना रोज पाच-पाच रुपयांची कुरकुरीत पाकिटं, महिन्याचे तीनशे रुपये. आमच्या बाजारात तेवढ्यात किलोभर शेंगदाणे आणि किलोभर हरभरे येतात. ती म्हणाली, "पण एकदम तीनशे कुठून आणू?" तिचा प्रश्न रास्त होता. त्यावर उपाय तिच्या गटानेच काढला. दहा जणींनी मिळून मोंढ्यातून हरभरा, मटकी आणि शेंगदाणे ठोक आणायचे आणि प्रत्येकीने आठवड्याला थोडे थोडे पैसे फेडायचे. आज हे तीन गटांत चालू आहे. बचत गट म्हणजे फक्त कर्ज नव्हे, हे मला त्या सखीने शिकवलं.

आता थोडं आपल्याबद्दल. डॉक्टर मॅडमनी माझी यादी बघून एकच प्रश्न विचारला होता. "यात तुमच्यासाठी काय आहे?" यांचं फरसाण होतं, मुलांच्या नूडल्स होत्या, सासूबाईंचा उपासाचा साबुदाणा होता. माझ्यासाठी काहीच नव्हतं. मी उरलेलं संपवणारी! सगळ्यांचं झाल्यावर ओट्याशी उभ्याने शिळी पोळी चहात बुडवून खाणारी. त्या चहानेच घात केला होता. जेवणाबरोबर चहा घेतला की अन्नातलं लोह अंगाला नीट लागत नाही. आता मी चहा आणि जेवणात तासाभराचं अंतर ठेवते. मोडाच्या मटकीवर लिंबू पिळते, कारण आंबटातलं क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं. मंगळवारच्या बाजारात शेपू, चाकवत, तांदुळजा, शेवग्याचा पाला घेते. आणि भाजी पाचही ताटांत एकदमच वाढते. आधी सगळ्यांना वाढून उरली तर आपल्याला, ही पद्धत बंद. घरात यावर कुणी काही बोललं नाही. मलाच पहिले आठ दिवस चोरी केल्यासारखं वाटत होतं.

सहा महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.४ झालं. खरं सांगायचं तर त्याचं श्रेय आधी गोळ्यांचं. रक्त इतकं कमी असताना नुसत्या पालेभाजीवर विसंबू नका, डॉक्टरांकडे जा आणि गोळ्या अर्धवट सोडू नका. घरात कुणाला मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर त्यांचा आहार डॉक्टरांना विचारूनच ठरवा. पण गोळ्या कधीतरी संपतात, यादी मात्र दर महिन्याला लिहायचीच असते. वाढलेला आकडा परत खाली जाऊ न देणं, हे तिचं काम.

आमच्याकडे आता साखर चार किलो येते आणि डाळी आठ. साडेबारा किलोंचं गणित अजून बजेटात बसत नाही, तेही प्रामाणिकपणे सांगते. पण साखर आणि डाळीचा क्रम तरी सुलटा झाला. या महिन्याची यादी लिहायला बसाल तेव्हा एवढंच करा. साखर किती, डाळी किती, शेजारी शेजारी लिहून बघा. आणि वाण्याला फोन करण्यापूर्वी शेवटची एक ओळ वाढवा. माझ्या वहीत ती अशी आहे : 'फुटाणे अर्धा किलो, माझ्यासाठी.'