लेणी फक्त राजानेच खोदली का?



सहावीच्या वर्गात परवा विचारलं, "लेणी कोणी खोदली?" सगळ्या वर्गाने एका सुरात सांगितलं, "राजाने!" मुलांचं चुकलं नाही, आपणच अर्धं शिकवतो. लेण्यांची नावं, शतक, चैत्य आणि विहार यांतला फरक, की झाला धडा!

पण लेणी तिथेच का, हे आपण विचारतो का? नकाशा उघडा. सोपारा आणि कल्याण ही जुनी बंदरं. तिथला माल नाणेघाट, बोरघाट चढून जुन्नर, पैठण, तेरपर्यंत जायचा. कान्हेरी, कार्ले, भाजे, जुन्नर ही लेणी याच वाटांच्या आसपास आहेत. भिक्षूंना दान मिळे, वाटसरूंना आसरा. चीनमध्ये दुनहुआंगलाही हेच दिसतं. वाळवंटातल्या व्यापारी वाटेवर इ.स. 366 पासून तिथे लेणी खोदली गेली.

आता दान देणारे बघा. कान्हेरीच्या ब्राह्मी लेखांत आपल्या शेजारच्या कल्याणचा एक सोनार पाण्याचं टाकं देतो, एक लोहार वाट करून देतो. कार्ल्याला धेनुकाकटच्या यवनांनी खांब दिले. ही सगळी कामाधंद्याची माणसं!

भिवंडीच्या मुलांसाठी तर नाशिकच्या लेण्यांत खास गोष्ट आहे. नहपानाचा जावई उषवदात याने इ.स. दुसऱ्या शतकात गोवर्धनच्या एका विणकर श्रेणीकडे 2000 कार्षापण कायमचे ठेवले. व्याज शंभराला महिन्याला एक. मुद्दल परत घ्यायचं नाही, व्याजातून 20 भिक्षूंना वस्त्रांसाठी दरवर्षी प्रत्येकी 12 कार्षापण द्यायचे.

हे मी गणित म्हणून फळ्यावर घातलं. महिन्याला 20, वर्षाला 240, भागिले 20, उत्तर 12. एका मुलीने विचारलं, "बाई, म्हणजे तेव्हा विणकरांचीच बँक होती?" तिचे वडील रात्रपाळीत लूम चालवतात. इतिहासाच्या तासाला तिने हात वर केलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

"पोर्शन कधी संपवायचा?" असं कुणी म्हणेल. अडचण खरी आहे, मीही त्यातलीच. पण याला अर्धा तास पुरतो, आणि गणिताचा सरावही होतो.

पालकांनो, सहलीला दरवेळी वॉटरपार्कच हवं असा हट्ट धरू नका. आपल्याच तालुक्यात लोनाडला लेणं आहे. मुलांना तिथे न्या, आणि ते कोणी केलं यापेक्षा आधी हे विचारा, "इथून वाट कुठे जात असेल?"

मागाच्या खटखटीत वाढणाऱ्या मुलांना इतिहास म्हणजे दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट वाटते. त्यात सोनार, लोहार आणि विणकरही होते, हे सांगणं आपल्या हातात आहे.