उजनीच्या पाण्यात श्वासाचा जमाखर्च

२१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातील कुगावहून कळाशीस निघालेली नाव वादळी वाऱ्यात उलटून उजनी जलाशयाने सहा जीव गिळले, हे स्मरून तालुक्याच्या दप्तरी कोणी पाणबुडे पथकाची तरतूद करू म्हणाले, आणि त्यात बेताच्या खर्चात जुने रीब्रीदर यंत्र बसवू पाहिले, तर त्या सद्हेतूविषयी शंका नाही. यंत्राविषयी मात्र आहे.

उच्छ्वासातील कर्बवायू चुन्याच्या डब्यात शोषून, शरीराने खर्चिलेला तेवढाच प्राणवायू पुन्हा भरणारी ही युक्ती मोठी मनोहर आहे. परंतु धाप लावणारा कर्बवायूच नाहीसा झाल्याने, संवेदक जीर्ण होऊन प्राणवायू घटला तरी पाणबुड्यास काही न जाणवता त्याची शुद्ध हरपते. बाजारातल्या स्वस्ताईत हे संवेदक ठरावीक मुदतीने बदलण्याचा, चुन्याचा आणि दीर्घ प्रशिक्षणाचा खर्च कोणी मांडीत नाही. (जुनी मोटार घेणाराही इंजिन तरी ऐकतो!)

बुडबुडे न उठणे हा गुण नौदलास किंवा खोल गुहांत शिरणाऱ्यास मोलाचा; गढूळ उजनीत साधे सिलिंडर, संपूर्ण चेहरा झाकणारा मुखवटा आणि काठावर दोर धरणारा सावध सोबती यांनाच मी मंजुरी देईन, व उरल्या रकमेतून प्रत्येक नावेत उतारूंपुरती जीवरक्षक जाकिटे ठेवीन.