चिप डिझाइनच्या विद्यार्थ्यांसाठी चामोर्शी येथे सुरक्षित स्क्रीन शेअरिंगची सोय मिळण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
गडचिरोली

विषय : चिप डिझाइनचे सॉफ्टवेअर अडल्यास कंपनीच्या सपोर्ट इंजिनिअरला स्क्रीन दाखवता यावी यासाठी चामोर्शी येथे केंद्र सुरू करणेबाबत.

महोदय,

आम्ही चामोर्शी तालुक्यातील मार्कंडा व इतर गावांतील इलेक्ट्रॉनिक्स शाखेचे विद्यार्थी आणि त्यांचे पालक हे निवेदन सादर करीत आहोत. आमच्यातील बहुतेक विद्यार्थी चंद्रपूर, नागपूर वा पुण्याला शिकतात. सुट्टीत आणि शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाच्या काळात गावाहूनच महाविद्यालयाच्या सर्व्हरवर काम करावे लागते.

केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये सेमीकंडक्टरसाठी ७६,००० कोटी रुपयांचा कार्यक्रम मंजूर केला. ‘चिप्स टू स्टार्टअप’ योजनेत ८५,००० जणांना चिप डिझाइनचे प्रशिक्षण देण्याचे ठरले. सिनॉप्सिस, केडन्स, सीमेन्स यांची महागडी सॉफ्टवेअर सी-डॅकच्या बेंगळुरू येथील चिप-इन केंद्रामार्फत महाविद्यालयांना मिळू लागली. बहुतेक महाविद्यालयांना स्वतःच्या बळावर ती परवडली नसती, याची आम्हाला जाणीव आहे. आमचे गाऱ्हाणे पुढचे आहे. सॉफ्टवेअर अडले की ते सोडवून घ्यायची सोय आमच्या भागात नाही.

हे सॉफ्टवेअर सुरू होताना लायसन्स सर्व्हरकडे परवानगी मागते. अडले की अनेकदा ‘लायसन्स मिळाले नाही’ एवढेच आम्हाला कळते. कारण चुकीचा पोर्ट असेल, फायरवॉल असेल, मुदत संपली असेल किंवा सगळी लायसन्स इतरांनी घेतलेली असतील. कंपनीच्या सपोर्टला ई-मेल केला की ते सॉफ्टवेअरची आवृत्ती, लॉग फाइल आणि अडलेल्या डिझाइनची प्रत मागतात. पहिल्या दोन गोष्टी लगेच पाठवता येतात. डिझाइन मात्र पाठवता येत नाही. ते ज्या पीडीकेवर, म्हणजे चिप बनवणाऱ्या कारखान्याने दिलेल्या नियमांच्या आणि घटकांच्या संचावर बेतलेले असते, तो संच गोपनीयतेच्या करारात बांधलेला असतो. अशा वेळी करारात बसेल तेवढाच भाग ऑनलाइन बैठकीत इंजिनिअरला पडद्यावर दाखवायचा, हाच मार्ग उरतो. तो पाहतो, एखाद-दुसरी कमांड चालवायला सांगतो आणि अनेकदा त्याच बैठकीत दोष सापडतो. ई-मेलवर हेच काम लांबत जाते.

त्या लांबण्याची किंमत मोठी आहे. मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटर तंत्रावर विद्यार्थ्यांच्या चिप तयार होतात. अनेक संस्थांची डिझाइन एकत्र करून एकाच वेफरवर, म्हणजे सिलिकॉनच्या चकतीवर, घेतली जातात. ठरलेली तारीख हुकली की पुढच्या खेपेची वाट पाहावी लागते, आणि तोवर विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडलेला असतो.

मार्कंड्यात मोबाइलवर व्हिडिओ कसाबसा दिसतो, पण स्क्रीन दाखवायला अपलोडचा वेग लागतो, तो टिकत नाही. लेआउटच्या खिडकीत थोडे झूम केले तरी सगळे चित्र नव्याने काढले जाते, आणि समोरच्याला फक्त पुसट ठोकळे दिसतात. लाइन गेली की बैठक तिथेच मोडते. पावसाळ्यात गोसेखुर्द धरणाचे दरवाजे उघडले आणि वैनगंगा फुगली की गडचिरोलीला जाण्याचीही खात्री उरत नाही.

घरोघरी रिमोट सॉफ्टवेअर घालून द्यावे, अशी आमची मागणी नाही. एनीडेस्कसारख्या अ‍ॅपमधून होणाऱ्या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केले होते. महाविद्यालये अशा अ‍ॅपवर बंदी घालतात ती योग्यच आहे. बंदीबरोबर सुरक्षित पर्याय मात्र कोणी दिला नाही, आणि तोच आम्ही मागत आहोत.

चामोर्शी येथे एखाद्या शासकीय इमारतीत भारतनेटच्या फायबरवर चालणारी, इन्व्हर्टरची सोय असलेली एक खोली जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून उभी करावी. तिथे स्क्रीन फक्त दाखवता यावी, ताबा देता येऊ नये. बैठक विद्यार्थ्यानेच सुरू करावी, तिची नोंद राहावी आणि एक प्रशिक्षित कर्मचारी हजर असावा. महाविद्यालये आणि सी-डॅक यांनी या खोलीला लेखी मान्यता दिल्याशिवाय तिचा उपयोग होणार नाही, म्हणून आपण स्वतः इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाकडे पत्रव्यवहार करावा, ही आमची सर्वांत महत्त्वाची विनंती आहे. सपोर्टच्या बैठका थेट विद्यार्थ्याला मागता येत नाहीत, त्या संस्थेच्या नावाने लागतात. तेव्हा त्या-त्या महाविद्यालयाशी दुवा ठेवण्यासाठी गोंडवाना विद्यापीठाने एक समन्वयक नेमावा.

याच खोलीत आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचे ई-सिम आणि इतर मुक्त सॉफ्टवेअरही ठेवावे. २०२० साली खुल्या झालेल्या स्कायवॉटरच्या १३० नॅनोमीटर पीडीकेला गोपनीयतेचे बंधन नाही. त्यावरचे काम कोणालाही दाखवता येते, शिकणाऱ्याला शंका मराठीत विचारता येते, आणि अकरावी-बारावीची मुलेही त्यात बसू शकतात. खर्च फारसा वाढणार नाही.

महाशिवरात्रीच्या यात्रेसाठी प्रशासन दरवर्षी मार्कंड्यात बस, पाणी आणि आरोग्य पथके उभी करते. त्या तयारीच्या मानाने ही मागणी लहान आहे.

येत्या सत्राचे प्रकल्प सुरू होण्यापूर्वी या विषयावर महाविद्यालये, विद्यापीठ आणि दूरसंचार विभागाचे अधिकारी यांची बैठक बोलवावी, त्या बैठकीला आम्हालाही बोलवावे आणि झालेला निर्णय लेखी कळवावा, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
मार्कंडा व चामोर्शी परिसरातील विद्यार्थी आणि पालक

प्रत : मा. कुलगुरू, गोंडवाना विद्यापीठ, गडचिरोली