पहिली गाडी किती सीसीची?

कॉलेजच्या पार्किंगमध्ये सध्या एकच चर्चा: पहिली बाईक घ्यायची तर हंटर 350च. माझं मत वेगळं आहे. नवशिक्याला स्प्लेंडरच बरी.

कारण आबिड्सचा रस्ता. जीपीओच्या चौकात सिग्नल सुटला की बस, ऑटो, पायी माणसं सगळी एकदमच निघतात. रविवारी फूटपाथवर जुन्या पुस्तकांचा बाजार, त्यामुळे माणसं रस्त्यावर. इथे वेग नाही, तोल लागतो. हंटर सुमारे 180 किलोची, स्प्लेंडर 112च्या आसपास. हाफ क्लचवर मुंगीच्या पावलांनी जाताना हा फरक पायांना बरोबर कळतो.

हंटरची एक बाजू मान्य. 2019पासून 125 सीसीवरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे. 2019च्या त्या नियमात त्याखाली सीबीएसवर भागत होतं. ओल्या रस्त्यावर घाबरून ब्रेक दाबला तर एबीएस चाक लॉक होऊ देत नाही. म्हणून छोटी गाडी घेणाऱ्याने पावसाळ्याआधीच रिकाम्या मैदानात दोन्ही ब्रेक बेताने दाबायची सवय करावी.

आणि वाचलेल्या पैशांत दोन चांगली हेल्मेट घ्या. मागे बसणाऱ्यालाही डोकं असतं. हप्ते बहुतेकांचे आईबाबाच भरतात, रात्री दाराकडे डोळे लावून तेच बसतात. वर्षभर नीट चालवा, मग घ्या की हंटर, कोण नको म्हणतंय?